ओठाखालच्या तिळाबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या चित्रांची डागडुजी, राहणार छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवत आहे. गुडघे वगळता प्रकृती ठणठणीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न धाकट्या भावाने केला होता, पण तो दमला.

१. दोन्ही खोल्या, ब्रश, रंगांचे कपाट आणि खिडकीजवळचे टेबल भाचीला द्यावे. ती अकरा वर्षे माझ्या हाताखाली आहे आणि माझे ऐकत नाही, म्हणजे काम शिकली. टेबलाच्या लंगड्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढू नये.

२. भावाला माझी शिडी. लहानपणी मला माळ्यावर चढवून याने शिडी पळवली होती, तेव्हापासून मी स्वतःची बाळगते. घेऊन जा म्हणावे, फिटंफाट झाली.

३. बँकेत जे असेल ते भाचीने प्रवासावर उडवावे. चादरी घेतल्यास मी वरून बघत असेन.

४. आता ते चित्र. हिरव्या गळपट्ट्याची तरुण मुलगी, दीडशे वर्षांपूर्वीची, चित्रकार अज्ञात. वडिलांनी ते भंगारातून आणून मला दिले. ते संग्रहालयाला द्यावे, पण सोबत ही कबुलीही द्यावी: मुलीच्या ओठाखालचा तीळ चित्रकाराचा नाही, माझा आहे.

जुन्या चित्रांवर माश्यांची घाण बसते आणि ती हुबेहूब तिळासारखी दिसते. सत्ताविसाव्या वर्षी चित्र साफ करताना मी ओठाखालचा असाच एक ठिपका पुसला. कापसावर तपकिरी रंग आला तेव्हा कळले, तो खराच तीळ होता. मी रडले, मग आठवून आठवून तसाच काढला आणि कामाच्या वहीत नोंद केली नाही.

दुसऱ्याच दिवशी चित्रांचे जाणकार, ज्यांना सगळे भिंगवाले म्हणतात, ते चित्र बघायला आले. त्यांनी त्याच वर्षी पुस्तक लिहिले. त्यात एक अख्खे प्रकरण त्या तिळावर: 'ज्या हाताने हा तीळ काढला, तो हात जन्मभर धरून ठेवावासा वाटतो.' मेलेल्या चित्रकाराचे कौतुक मी लाटले, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुस्तक येताच त्यांनी मला मागणी घातली. ज्याच्यापासून रोज हे लपवावे लागेल त्याच्याशी संसार कसा करू? मी म्हटले, मला घोरणारी माणसे चालत नाहीत. ते आजही रोज चार वाजता चहाला येतात आणि आपण घोरत नाही असे सांगतात.

ते मला आवडत होते. आवडतात. ही कबुली त्यांनी माझ्या पश्चात वाचावी, कारण ती वाचताना त्यांचा चेहरा बघायची माझी छाती नाही.

५. हे कलम त्याच दुपारी, नंतर लिहिले. दुसऱ्या साक्षीदार दातांच्या डॉक्टरीणबाई आल्याच नाहीत, म्हणून वकिलांनी मला न विचारता चहाला आलेल्या भिंगवाल्यांपुढे कागद सरकवला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण हा माणूस बसचे तिकीटही भिंगातून वाचतो. मी कपात तोंड घातले.

"अगं, हे मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तीळ ओला होता, माझ्या बोटाला लागला."

"मग पुस्तकात ते सगळं कशाला लिहिलंत?"

"दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा हात मी कशाला धरू? शेहेचाळीस वर्षं वाट बघतोय, तू ते प्रकरण कधी नीट वाचतेस त्याची!"

मी एवढी हसले की खालून छापखानेवाला धावत आला. घोरण्याचे बघून घेऊ, असे मी भिंगवाल्यांना सांगितले आहे.

स्थळ: माझी कामाची खोली. दिनांक: दहा मार्च.

लिहून देणार: सही केली.

साक्षीदार एक: छापखानेवाला, सही.

साक्षीदार दोन: जागा रिकामी. भिंगवाल्यांनी येथे सही करण्यास नकार दिला. त्यांना ती विवाह नोंदणीच्या कचेरीत करायची आहे.