भूलतज्ज्ञ बाईंनी हेरलेली पापणी

कोथरूड, मंगळवार

चि. सौ. शालू हिला यज्ञेश्वरदादाचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे आणि आमच्या मेव्हण्यांचा राग, दोन्ही काबूत असतील अशी आशा करतो. फोन न करता लिहितोय, कारण जरा जास्त बोललो की माझा आवाज नाकातून येतो आणि तू "दादा, वाफ घे" म्हणून मोकळी होतेस.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले आहे. सर्जनने विचारले, "शुगर? बीपी? दमा?" मी म्हटले, "नाही." विचारले तेवढेच सांगावे (जन्मभर वर्गात पोरांना दुसरे काय शिकवले?). मायस्थेनियाचे त्यांनी विचारलेच नाही! तुला ठाऊक आहेच, या आजारात शरीरातच भाऊबंदकी माजते, आपलेच सैन्य स्नायूंकडे जाणारे निरोप अडवते आणि संध्याकाळी माझी डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली येते. (सोसायटीच्या सभेत लोकांना वाटते मी झोपलोय. आजाराआधी खरोखरच झोपायचो, तेव्हा कोणाची हरकत नव्हती.)

भूल देणाऱ्या बाईंनी मात्र पापणी हेरली. वय तुझ्या हेमाएवढे, जरब मुख्याध्यापिकेची. म्हणाल्या, "काका, हे न सांगता टेबलावर आला असतात, तर नेहमीच्या औषधाने तुमचे स्नायू इतके ढिले पडले असते की शुद्धीवर येऊनही श्वास घेता आला नसता." तुझी वहिनी लगेच म्हणाली, "ढिले तर ते लग्नापासूनच आहेत." मग बाईंनी मला एका श्वासात आकडे मोजायला लावले. अठरावर दम संपला, तेव्हा सवयीने म्हणून गेलो, "पुढचे तू म्हण." बाई हसल्या नाहीत. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, उपाशीपोटीही त्या सांगतील तेव्हाच घ्यायच्या, आणि ऑपरेशननंतर कदाचित घशात नळी ठेवून मशीनवर श्वास द्यावा लागेल, असे बजावून पाठवले.

बाकी सगळे उत्तम. तू मुळीच धावत येऊ नकोस. सांगलीहून एवढा प्रवास, त्यात तुझे गुडघे, आणि आलीस की वहिनीच्या आमटीत गूळ कमी म्हणणार.

तुझा
दादा

ता. क. गूळ कमी असतो हे खरे आहे.

आणखी एक ता. क. नळी असताना बोलता येत नाही म्हणे. लिहून दाखवा म्हणतात, पण हाताने साथ दिली तर ना! मेंढीकोट खेळताना नुसत्या माझ्या डोळ्यावरून हुकूम ओळखणारी तू एकटीच. वहिनीकडे पाणी मागितले तर ती पंखा लावेल. तेव्हा बुधवारीच ये. डावा डोळा आता भरवशाचा राहिला नाही, त्याच्याकडे बघू नकोस. सगळ्या खुणा उजव्यावर घेतल्या आहेत. एकदा मिटला तर पाणी. दोनदा मिटला तर भीती वाटतेय, हात धर. हे लिहितानाही दोनदाच मिटतोय गं.