रक्तपेढीत झालेला पाहण्याचा कार्यक्रम

रिसाली, भिलाई

आदरणीय गुलाबराव मामाजी यांस शेषरावचा दंडवत. तुमचा गुडघा आता वळत असन, मामीचा खोकलाही निवला असन. इकडे आमी तब्येतीनं ठीक, पण शनिवारपासून मले काही सुचून नाई राहिलं, म्हनून लिहून राहिलो.

तुमी सांगतलेलं स्थळ आलं. गोंदियाचे रामाजी, सिंधुताई अन् त्यांचा रेल्वेतला पोरगा चंदन. पोहे हातात पडले न पडले, तोच आमच्या मोनालीच्या रक्तपेढीतून फोन आला, की लायसनच्या तपासणीले साहेब आले. मोनाली तेथं टेक्निशियन. लायसनच्या कागदात तिचं नाव आहे, म्हनून ती हजर पायजे. (रक्तपेढीले लायसन लागते हे मले त्याच दिवशी समजलं. मले वाटे, फ्रीज लागते.) रामाजी म्हनाले, मुलगी तेथंच पाहू. गेलो सारेच.

साहेबानं फ्रीजचं तापमान पायलं, रजिस्टरं पायली, मंग म्हनाला, एका रक्तदात्याची चौकशी माह्यासमोर करून दाखवा. दाता एकही नव्हता. चंदन छाती काढून खुर्चीवर बसला. मोनाली फॉर्म भरत गेली. कावीळ झाली का, फिट येते का, काल दारू घेतली का. पोरगा नाई म्हने, सिंधुताई कौतुकानं मान डोलवे. मंग तिनं विचारलं, वर्षभरात अंगावर गोंदवलं का?

पोरगा बाही खाली ओढाले लागला. मोनाली फॉर्मातच पाहत म्हनाली, "खरं सांगा. हे रक्त कोनाले तरी चढनार आहे."

त्यानं बाही वर केली. दंडावर 'रंभा', बदामासकट. (सिंधुताईनं कुळातल्या साऱ्या बाया आठवून पायल्या. रंभा एकही नाई.) रामाजी भिंतीले टेकले. मोनालीनं लिहिलं, एक वर्ष रक्त घेता येत नाई. साहेबानंही लिहिलं, दात्याची चौकशी नातेवाइकांच्या घोळक्यात होते, वेगळी खोली पायजे. आमच्यापायी पेढीवर शेरा आला, मामाजी! पाहुणे घरी न येता तेथूनच स्टेशनावर गेले. तवा हे स्थळ संपलं समजा.

तुमचा भाचा,
शेषराव

ता.क. वरचं वाचून मोनाली म्हनते, "बाबा, एक 'नाई' म्हनून सुटला असता. तरी खरं बोलला." रंभाचं लग्न माघात दुसरीकडे झालं, हेही तिनं चंदनले फोन करून विचारून घेतलं. (माह्या पोरीनं. स्वतः.)

आनखी एक. मोनाली पेढी सोडनार नाई, म्हनून चंदननं इथं जवळच, दुर्गले, बदलीचा अर्ज टाकला. रामाजीले हे अजून माहीत नाई. सांगाले कोनीतरी वडीलधारं पायजे. दोघांनी तुमचं नाव काढलं.