हिरड्याखालचा दगड

दादा,

"दम लागला तर उभ्यानं खायचा. बसलं की पाय तिथंच ऱ्हात्यात." आहुप्याच्या अलीकडच्या चढणीवर तुम्ही हे म्हणाला होतात. माझी पहिली नोकरी आठवड्यावर आली होती, आणि कळंबच्या घरातून तुम्ही मला तुमच्या मलेरिया खात्याच्या फिरतीवर घेऊन निघाला होतात. हातवीजपासून डोंगराच्या कडेकडेनं आहुपे, तिथून भीमाशंकर. वाडीत शिरलो की पोरं ओरडायची, "मलेरिया आला, पळा!" तुम्ही हसत एकेकाचं बोट धरायचात, सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचात. त्या चढणीवर हिरड्याखालच्या दगडावर मी टेकणार, एवढ्यात तुम्ही ते वाक्य बोललात. काठीवर हनुवटी ठेवून तुम्ही उभे. मग मीही उभी राहिले. त्याच वर्षी थंडीत तुम्ही झोपेत गेलात.

तेव्हापासून मी उभीच आहे म्हणा ना. पतसंस्थेच्या काउंटरला, आईच्या आजारपणात, पोरांच्या परीक्षांना. गेल्या वर्षी काउंटरलाच चक्कर येऊन पडले आणि नोकरी सोडली. आता सोमवारपासून मंचरला नवी आहे. डॉक्टर जा म्हणाले, घरचे जा म्हणाले. माझाच माझ्यावर भरवसा बसेना. म्हणून मनाशी ठरवलं, दादांची वाट पुन्हा चालायची. ती चढण न बसता पार झाली तर रुजू व्हायचं, नाहीतर फोन करून नको म्हणून सांगायचं.

हिरड्यापाशी पोचते तर डोळ्यांपुढं अंधारी येते. मी बसते, त्याच दगडावर. संपलं, असं वाटून रडू फुटतं. शेजारच्या कातळावर एक म्हातारी हिरडा वाळत घालत असते. ती पाणी घेऊन येते.

"कुनाची गं तू?"

"मलेरियावाल्यांची लेक."

"आगं बया! त्यो या दगडावं बसल्याबिगर कवा फुडं गेला न्हाई."

"दादा? बसायचे?"

"बसायचा म्हंजी? घोरायचा! तोंडावं टोपी टाकून. लई दमायचा गं शेवटाला. येकदा पोर संगट व्हती, तवा मातुर उभाच. म्या म्हनलं, बसा की राव, तर माज्यावंच डोळं वटारलं."

ती पोर मीच, असं मी सांगितलं. ती हसली आणि पदरातली करवंदं माझ्या हातावर ठेवून पुन्हा हिरड्याकडं वळली.

दादा, आधी तुमचा राग आला. मग काठीवर टेकलेली ती हनुवटी आठवली. उन्हात, पाणी न पिता, तुम्ही किती वेळ तसे उभे होता, आणि मी तेवढीच शिकवण घेऊन घरी आले. त्या दगडावर मी ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. मग उठले. दुसऱ्या दिवशी भीमाशंकरला पोचले, वाटेत जागोजाग बसत बसत.

सोमवारी जाणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं कळत नाही, म्हणून डब्याच्या पिशवीत ठेवून देते. एकच मागणं आहे. स्वप्नात येता तेव्हा तुम्ही दारातच काठी टेकून उभे असता. पुढच्या खेपेला आत या, माझ्याजवळ घटकाभर बसा. "न्हाई, निघतो" म्हणाल, ठाऊक आहे मला. तरी सतरंजी अंथरून ठेवते.