बैतूलच्या पोस्टमास्तरांस, सुक्या बोंबलांबाबत

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
ता. १८ फेब्रुवारी २००४

आदरणीय दाजी यांस,
धाकटा मेहुणा श्रीपती याचा सप्रेम जयभीम.

आपली तब्येत उत्तम असेल, बैतूलची थंडी ओसरली असेल आणि वैजयंताताईचा गुडघा जिना चढताना कुरकुरत नसेल, अशी आशा आहे. (ताई स्वतः कुरकुरत असेल तर प्रकृती चांगली आहे असं समजतो.) स्वाती आणि मी, उभयता मजेत आहोत. माझ्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांना पट्ट्या बांधल्या आहेत, त्यामुळे अक्षर असं आलंय. पट्ट्यांचं कारण पुढे येईलच. घाबरण्यासारखं काही नाही, हसण्यासारखं बरंच आहे.

आधी मुद्द्याचं सांगतो. आपल्या संघप्रियाचं पार्सल आज निघालं. ताईने फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. चौथा महिना लागला तरी पोरीच्या पोटात काही ठरत नाही, वजन उतरतंय, डॉक्टरीणबाई रागावल्यात, म्हणून सासरहून माहेरी आणलं, तर तिथेही ताटाकडे बघून तोंड फिरवते. मागते फक्त एक, उत्तनचे सुके बोंबील. कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहिली तेव्हा जिभेला लागलेली ही चव आहे, म्हणजे गुन्हा आमचाच. मी लगेच म्हटलं, उद्या कुरिअरने टाकतो. तेवढ्यात तुम्ही ताईच्या हातून फोन घेतलात. पोस्टमास्तराच्या घरी कुरिअरवाला जिना चढला तर आपण खात्याला तोंड कसं दाखवायचं, असं आपण विचारलंत, आणि विमा उतरवून, रीतसर, टपालानेच पाठवायचं असा हुकूम सोडलात. दाजी, तुमच्यापुढे आम्ही कधी बोललोय का? मी हो म्हटलं. गोऱ्या साहेबाच्या काळापासूनचे तुमच्या खात्याचे नियम मला तेव्हा माहीत नव्हते.

रविवारी बसने उत्तनला उतरलो, तिथून रिक्षाने चौक गावच्या कोळीवाड्यात. मंदाबाई आमची नेहमीची मासळीवाली. बोंबील पोटुशीसाठी आहेत म्हटल्यावर तिने मी निवडलेली जुडी हातातून काढून घेतली. “हे न्हाय, ते न्या. पोरगी जीव लावून मागते हाय ना?” असं म्हणून आतून, स्वतःच्या घरासाठी ठेवलेले, चांदीसारखे बोंबील आणून दिले. टपालाने जाणार आहेत हे ऐकून मात्र तिने शेजारणीला हाक मारून मला दाखवलं. परतीच्या बसमध्ये माझ्या बाजूची सीट रिकामी राहिली, मागचीही, पुढचीही. इतक्या ऐसपैस मी आयुष्यात बसलो नव्हतो.

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर उर्मिला मॅडम असतात. शांत बाई, पण अशा शांत की समोरच्याचा घसा कोरडा पडावा. मी पुठ्ठ्याचं खोकं खाकी पट्टीने गुंडाळून नेलं होतं. त्यांनी ते एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. विमा हवा तर कापडात शिवून आणा. घरी मांजरपाट नव्हता, तेव्हा स्वातीने उशीचा अभ्रा उसवला. ती शिवणार म्हणजे सुबकच, पण अभ्र्यावर तिने लग्नाआधी भरतकाम केलेलं होतं, ते नेमकं वर आलं. म्हणजे एका बाजूला तुमचा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला गुलाबाच्या फुलात ‘शुभ रात्री’. मॅडमनी ते बराच वेळ वाचलं. नियमात बसतं, म्हणाल्या, पण शिवणीवर लाखेची सीलं कुठे आहेत?

लाख आणली, मेणबत्ती आणली, घरात होळीसारखा वास सुटला. प्रत्येक सीलवर रुपयाचं नाणं दाबून पार्सल पुन्हा नेलं. मॅडम म्हणाल्या, नाणं चालत नाही, नाणं कुणाच्याही खिशात असतं. तुमची स्वतःची खाजगी खूण पाहिजे. आता दाजी, खाजगी खूण सरदार-जहागीरदारांकडे असायची, अंगठीवर कोरलेली. आमच्याकडे वीजबिल असतं. मी सदऱ्याचं बटण दाबलं, तेही नापास. मग सुचलं की मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, सोसायटीचा शिक्का माझ्याच कपाटात आहे. तो गरम लाखेवर टेकवला. रबरी शिक्का, तो टेकला आणि तिथेच राहिला. आमचे चेअरमन जीवनराव तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. (सोसायटीच्या नोटिशीवर आता ‘को-ऑप’ एवढंच उमटतं. थकबाकीदार म्हणतात, हे आम्हाला लागू नाही.)

शेवटी मी अंगठा दाबला. माझ्या अंगठ्याइतकं खाजगी माझ्याकडे दुसरं काय आहे? पहिल्या सीलला असा चटका बसला की स्वाती हातातलं पार्सल सोडून माझ्याकडे धावली. तेव्हा मला बाबांची आठवण झाली. रात्रीच्या वर्गात बसून ते सही करायला शिकले आणि सही आली त्याच दिवशी त्यांनी घरात सांगितलं की यापुढे या घरातला कुणी, कुठेही अंगठा देणार नाही. ताईला आठवत असेल, तिला आधी सही आली, मग बाराखडी. आणि त्यांचा पदवीधर मुलगा स्वयंपाकघरात मांडी घालून लाखेवर अंगठे देत होता. मला हसू आवरेना. नातीच्या पोटात घास जावा म्हणून देतोय म्हटल्यावर बाबांनी स्वतः मेणबत्ती धरली असती. अर्ध्यावर उजवा अंगठा फोडाने टरारला, तेव्हा उरलेली सीलं डाव्याने पुरी केली.

मॅडमनी भिंग काढलं. सगळ्या सीलांवर खूण एकच पाहिजे, म्हणाल्या, आणि इथे तर दोन माणसं दिसतायत. मी दोन्ही अंगठे खिडकीतून आत घालून दाखवले. त्यांनी पाहिले, हळहळल्या, आणि पार्सल परत दिलं.

सगळी सीलं खरवडून डाव्या अंगठ्याने एकसारखी करून नेली त्या दिवशी ऊन फार होतं. रांगेत माझ्यामागे एक काका होते, ते रुमाल नाकाला लावून म्हणाले, “भाईसाब, ये पार्सल है या पंचनामा?” मॅडमनीही नाक वर केलं आणि आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, खाऊ. त्यांनी नियमाचं जाडजूड पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. दुसऱ्या टपालाला त्रास होईल अशी वस्तू घेता येत नाही. त्यांनी असंही सांगितलं की पूर्वी नीट डबीत घातलेली जिवंत राणीमाशी टपालाने जायची म्हणे. मी विचारलं, जिवंत माशी जाते आणि मेलेला बोंबील जात नाही? माशीला वास येत नाही, म्हणाल्या.

तेव्हा मात्र मी रांगेची लाज सोडून सगळं सांगितलं. पोरगी, तिचं उतरणारं वजन, तिच्या तोंडी असलेला एकच पदार्थ. मॅडमनी पेन खाली ठेवलं. कितवा महिना, विचारलं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्या वेळी मला पाटीवरची पेन्सिल खायला लागायची. माझा भाऊ दप्तर भरून आणायचा.” आणि मला उपाय सांगितला. नियम वासाबद्दल नाही, बाहेर येणाऱ्या वासाबद्दल आहे. वास बाहेर आला नाही तर मी घेते.

त्यावर बोंबील पत्र्याच्या डब्यात भरले आणि गोडदेवातल्या स्टोव्हवाल्याकडून झाकणाला चारी बाजूंनी कथलाचा डाग मारून घेतला. मग पुन्हा अभ्रा, पुन्हा लाख, पुन्हा अंगठा. विम्यासाठी किंमत मी खरी तीच लिहिली. मॅडम म्हणाल्या, वजनाच्या आणि विम्याच्या आकाराच्या पैशांत अजून एवढीच मासळी आली असती. पण पावती फाडताना त्यांनी डबा स्वतः दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, हे मी पाहिलं. रांगेतले काकाही म्हणाले, बच्ची को खिलाना.

तेव्हा दाजी, आपल्या हुकमाप्रमाणे सर्व काही रीतसर झालं आहे. ताईस नमस्कार, संघप्रियाला आशीर्वाद. स्वाती जयभीम सांगते.

आपला,
श्रीपती

ता. क. डबा चारी बाजूंनी बंद आहे. तो उघडायचा कसा, याचा विचार इथे कुणीच केला नाही. छिन्नी-हातोडी तयार ठेवावी.

ता. क. २. दाजी, रागावू नका. टपालाचं एवढं रामायण लिहिलं आणि हे पत्रच पेटीत टाकायचं राहिलं. आठवडा झाला, खिशात आहे. दरम्यान काल ताईचा फोन आला की पार्सल पोचलं, सीलं शाबूत होती, आणि तुम्ही डबा अंगणात फोडलात तेव्हा गल्लीतली सगळी मांजरं हजर होती. संघप्रियाने वास घेतला आणि महिन्याभरात पहिल्यांदा स्वतःहून पाटावर बसली, हे ऐकून स्वातीला रडू आलं. मग ताईने तिच्या पद्धतीने बोंबील केले. पोरीने एक खाल्ला, तो पोटात राहिला, पण दुसरा घेईना. मामीच्या हातचे नाहीत, म्हणाली.

ता. क. ३. म्हणून आता खरी विनंती. आम्ही दोघं येत्या शनिवारच्या गाडीने निघतो आहोत. मंदाबाईने आणखी बोंबील दिलेत, ते मांडीवर घेऊन येऊ. अडचण एकच आहे. ताई तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईला पाऊल ठेवू देत नाही, आईलाही कधी दिलं नाही. तुम्ही खात्याचे सगळे नियम जन्मभर सांभाळलेत, हा एक तेवढा पोरीसाठी वाकवून घ्या. तिला सांगा, स्वाती फक्त तवा मागेल. मसाल्याच्या डब्यांना हात लावणार नाही, काही इकडचं तिकडे करणार नाही, आणि ताईच्या चटणीबद्दल एक शब्द बोलणार नाही. (यातलं काहीही खरं नाही, पण सांगा.)