ठासणीच्या बंदुकीची सुनावणी

अप्पा, तुम्ही गेल्यानंतर आम्ही सिंगापूरला आलो, त्यामुळे हे घर तुम्ही पाहिलं नाहीत आणि तुमची नातही. बुकित बातोकला आमचा फ्लॅट आहे. ती इथल्या शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, पण उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत देते, तेही इथल्यासारखं वाक्याला 'लाह' जोडून. मागच्या महिन्यात एका दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मिटून रडत बसली होती. शाळेच्या डिबेटमध्ये तिच्या वाट्याला नको ती बाजू आली होती. अमेरिकेत शाळेच्या आसपास बंदूक बाळगायला बंदी करणारा कायदा एकदा केंद्र सरकारने केला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला; हे काम राज्यांचं, केंद्राला घटनेने तो अधिकार दिलेला नाही, असं म्हणून. न्यायालयाचं बरोबर होतं, हे हिने मांडायचं. आणि डिसेंबरातच तिकडच्या एका शाळेत लहान लहान मुलं गोळ्या घालून मारली गेली होती. "हाऊ कॅन आय से दॅट, आई? छोटी मुलं होती लाह. मी टीचरला 'नो' सांगते." मी गॅस बंद केला, तिच्याशेजारी बसले आणि तिला तुमची गोष्ट सांगितली.

आपलं कुडाळचं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही जेवता जेवता सांगताय, की एका सुपारीच्या बागायतदाराचं अपील चालवायला घेतलंय. माकडं, डुकरं हाकायला त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. कलेक्टरांनी परवाना रद्द केला, कारण दिलं नाही, त्याचं म्हणणंही ऐकून घेतलं नाही. आईचे हात थांबतात. तुमचा धाकटा भाऊ डुकराच्या शिकारीत अशाच एका बंदुकीची चुकून सुटलेली गोळी लागून गेलेला. "भावाला विसरलात?" ती विचारते. तुम्ही ताट बाजूला सारता. "विसरलो असतो तर सोपं होतं," तुम्ही म्हणता. "बंदूक मला डोळ्यांसमोर नको. पण न विचारता काढून घ्यायची सवय सरकारला लागली, तर ते बंदुकीपाशी थांबणार नाहीत." त्यानंतर कितीतरी दिवस आई तुमच्याशी बोलली नाही, तुमचं ताट मी वाढत होते.

अपील तुम्ही जिंकलात. प्रकरण परत कलेक्टरांकडे आलं, रीतसर सुनावणी झाली आणि परवाना पुन्हा रद्द झाला. घरात लहान लेकरं असताना तो बागायतदार भरलेली बंदूक पडवीत टांगून ठेवायचा, हे तिथे उघड झालं. मला वाटलं, तुम्ही खचाल. तुम्ही बाजारातून बांगडे घेऊन आलात.

"हरलात ना?" आईने पिशवी घेत विचारलं.

"हरलो. पण ह्या वेळी त्याला विचारलं, आणि कारण लिहून दिलं. आता बरोबर झालं."

"मग एवढे महिने कशाला खपलात?"

"ह्याच्यासाठीच."

आई हसली. तिचं ते हसू बघून तुम्ही किती सुटल्यासारखे दिसलात, ते मला आजही दिसतं.

परवा डिबेट झालं. मी मागच्या रांगेत होते. ती उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, मला बंदुका आवडत नाहीत, त्या मुलांचं आठवलं की रडू येतं, पण आजचा प्रश्न एवढाच आहे, की हा नियम करायचा अधिकार कुणाचा. मग तिने सगळं मांडलं. तिची बाजू हरली. परत येताना एमआरटीच्या गाडीत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग म्हणाली, "आय थिंक मला आजोबा आवडले असते."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, तेव्हा खरं सांगते. तुमचं म्हणणं मी तिला समजावलं, पण मला स्वतःला ते अजून पुरतं पटलेलं नाही. ती मुलं डोळ्यांसमोर आली, की वाटतं, कायदा कुणीही करा, पण करा. ह्यावर तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तसं भांडायला इथे मला कुणी नाही, अप्पा.