डेल्मारच्या कुंपणालगतचे सलगम

हाउगेन कूली, विस्कॉन्सिन
दि. २६ ऑक्टोबर

ती. व्हर्लिनदादास,

धाकट्या ओर्लिनचा नमस्कार. (साष्टांग घालायला हरकत नव्हती, पण नंतर उठवायला जवळ कोणी नाही.) तुझा नवा गुडघा आणि ॲरिझोनाचं ऊन यांचं एकमेकांशी कसं जमतंय, ते सविस्तर कळव.

प्रथम एक गंभीर तक्रार. बियाण्याच्या पोत्याच्या शिवणीवर ‘इथून ओढा’ असं छापण्याचा अधिकार मनुष्यजातीला कोणी दिला? मी इथून ओढलं, तिथूनही ओढलं. शेवटी चाकू चालवला, तेव्हा पसाभर बी थेट बुटात गेलं. उजव्या बुटात अजून काहीतरी अंकुरतंय असा माझा संशय आहे.

पोतं कशाला, असं विचारू नकोस. ईस्टरला फोनवर तूच म्हणालास, की वडिलांच्या चाळीस एकरांत तीन वर्षं हरणाचं शिंग दिसलेलं नाही, यंदाही दिसलं नाही तर जमीन विकून मोकळे होऊ. तेव्हा हरणांना निमंत्रण धाडणं प्राप्त होतं. शिकारीसाठी मक्याचा ढीग घालावा, तर आपल्या जिल्ह्यात तो गुन्हा. तोच मका पेरला आणि उगवला, की ती शेती. (एवढ्या सूक्ष्म भेदावर जुन्या तर्कपंडितांनी सहज एक ग्रंथ लिहिला असता.) म्हणून ऑगस्टअखेर, पाऊस येणार अशी बातमी ऐकून, मचाणासमोरची अर्धा एकर जमीन नांगरली. पोत्यात ओट, गहू, मुळा, क्लोव्हर आणि सलगम यांचं मिश्रण. तुझी भावजय मार्लिस दारातून बघत होती. म्हणाली, “जूनमध्ये हरणांनी माझी फुलझाडं खाल्ली, तेव्हा झाडू घेऊन धावलात त्यांच्यामागे. आता पंचपक्वान्नं वाढताय होय?”

बी फेकायचं यंत्र गळ्यात अडकवलं आणि दांडा फिरवत निघालो. पोतं ट्रकमधून खडखडत आणलं, की बारीक बी तळाशी बसतं आणि जाडं वर राहतं, म्हणून आधी सगळं कालवून घ्यायचं असतं, हे ज्ञान मला सप्टेंबरात झालं. मचाणासमोर ओट आणि गहू, बाकी काही नाही. बारीक बी, म्हणजे सलगम, मुळा, क्लोव्हर, सगळं शेवटच्या पट्टीत, शेजारच्या डेल्मार स्टूबीच्या कुंपणालगत, त्याच्या मचाणापासून वीस पावलांवर!

गेल्या आठवड्यात कडक हिव पडलं. ओट पिवळे पडले, सलगमाची पानं गोड झाली. (चाखून पाहिली. मार्लिसला सांगू नकोस.) झाडाला बांधलेला कॅमेरा मी रोज सकाळी उघडून बघतो. आधी माद्या येतात. पुढची एक पान तोडते आणि मान वर करून कुणाची तरी वाट बघत राहते. कुणाची, याचा शोध चालू आहे. नर पाव तास नुसता वास घेतो. मग तारेपलीकडूनच मान लांबवून मुळ्याची पानं खातो, मुळा मात्र तसाच सोडतो. का? मला आजकाल दुसरं काही सुचत नाही.

काल डेल्मार लोणच्याची बरणी घेऊन आला. “ओर्लिन, बाबा रे, सख्ख्या भावानंही माझ्यासाठी एवढं केलं नाही. पुढच्या वर्षी हरणांना चाटायला जरा मीठ ठेवशील का?” बरणी ठेवून घेतली. लोणचं बरं आहे, हे सांगायला जीव जड होतो.

वहिनींना नमस्कार. सावलीत बसत जा.

तुझा,
ओर्लिन

ता. क. सोबत फोटो आहे. शिंगांची टोकं दहा, मोजून घे. मधली तार दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. नर डेल्मारच्या बाजूला उभा आहे खरा, पण शिंग कुणाच्या जमिनीत दिसावं, हे तू ईस्टरला म्हणाला नव्हतास.

पुन्हा ता. क. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतो. मचाणाच्या पायऱ्या रुंद केल्यात, कठडाही बसवलाय. शुक्रवारपर्यंत ये.

आणखी एक. गेल्या वर्षी हंगामाच्या आदल्या शुक्रवारी आपल्या शिकारीच्या केबिनमध्ये मी एकटाच होतो. सवयीनं आपल्या चौघांचे पत्ते वाटले, मग गोळा केले. दादा, जमीन विकलीस तर वाईट वाटेल, पण सोसेन. ती राहिली आणि तू आला नाहीस, तर मी तिथे काय करू, हे मला खरंच कळत नाही.