वरून टाकलेल्या गोळ्या

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडे रीत आहे, आणि तुमच्याबद्दल तर नागपुरात कुणी वावगं बोलतच नाही. शोकसभेत बोलले, दर पुण्यतिथीला बोलतात, मागच्या आठवड्यात कॉलेजच्या सभागृहाला तुमचं नाव दिलं तेव्हाही बोलले. मलाही व्यासपीठावर बसवलं होतं. "वस्तीतल्या एका मुलीला सरांनी संशोधक केलं," असं म्हणून सूत्रसंचालक बाईंनी माझ्याकडे हात केला, जशी काही मी तुम्ही लावलेली कुंडी! मी दोन गोड वाक्यं बोलले, टाळ्या झाल्या, खाली बसले. घरी आले तर अंगाची नुसती लाही होत होती. चहासुद्धा जाईना. म्हणून हे लिहायला बसले. समोर तुम्ही नाहीत हे बरंच आहे, कारण तुमच्यासमोर माझी जीभ कधी उचललीच नाही.

खोटं कशाला बोलू, तुम्ही नसतात तर मी बी.ए.नंतर कुणाच्या तरी घरात भाकऱ्या थापत बसले असते. बाबा गिरणीतून येऊन खाटेवर टेकलेले, आणि तुम्ही स्कूटर थेट आमच्या दारात लावून आत आलात. वस्तीतली पोरं स्कूटरला हात लावून बघत होती. तुम्ही खाटेवर बसलात, चहा घेतलात, "हिचं लग्न दोन वर्षं थांबवा, हिला एम.ए. करू द्या," म्हणालात. बाबांना नाही म्हणता आलं नाही. माझी आत्या दारामागे उभी राहून ऐकत होती. लवकर विधवा झालेली, आमच्याकडेच राहायची, संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामाला जायची. माय दोन पाळ्यांत काम करायची, म्हणून मला वाढवलं ते आत्यानंच. तुम्ही गेल्यावर ती म्हणाली, "मानूस चांगला हाये वं. डोयात डोया घालून बोलते." तिचं ते म्हणणं खोटं नव्हतं.

मग तो अभ्यास आला. आदल्या पावसाळ्यात शहरात हैजा झाला होता, आमच्या वस्तीत तर घरटी एक माणूस आडवा. सरकारला उत्तर हवं होतं की फुकटात औषध मिळत असताना ही माणसं दवाखान्यात येत का नाहीत, आणि आली तरी डोळे खोल गेल्यावर का येतात. ते काम तुमच्याकडे आलं. तुम्ही मला बोलावून म्हणालात, "प्रश्न विचारायला तूच जा. तुला ते खरं सांगतील." मला कोण आनंद झाला! नवी चप्पल घातली, आणि आपल्याच गल्लीत पाहुण्यासारखी दारं वाजवत हिंडले. लोक हसायचे. "ये वं मास्तरीन, पूस काय पुसाचं थे!" म्हणून सतरंजी टाकायचे.

तुमच्या प्रश्नांत एक प्रश्न होता, आजारपणात कोणत्या देवाला नवस बोलता. आमच्या वस्तीत जाऊन हा प्रश्न विचारायचा, सर! मी पहिल्यांदा तो आत्यालाच विचारला. ती पेटीच्या खिळ्यानं फाटलेल्या बोटाला चिंधी बांधत बसली होती. चिंधी तशीच सोडून माझ्याकडे बघत राहिली. "काय इचारते वं तू? देव राह्यले कुठं आपल्या घरात? दीक्षा घेतली अन् सारे देव सुपात भरून नदीत सोडून आली मी. तू माह्या मागं मागं होती, आठवत नाही का तुले?" मला आठवत होतं. मी ओशाळून पुढचं विचारलं, मग मागच्या साली बरं नव्हतं तेव्हा दवाखान्यात काहून गेली नाही?

"गेली होती ना! एकडाव गेली, मंग नाही गेली. थ्या कंपाउंडरले माह्या हाताचा इटाळ होते. दुसऱ्या बायायच्या हातात पुडी देते, अन् मी गेली का म्हणते, पदर पसर. वरून टाकते गोळ्या, कोंबड्यायले दाणे टाकल्यावानी. एक नालीत पडली. म्हटलं दुसरी दे गा बापा, तं म्हणते, धुऊन खा. मी का भीक मांगाले गेली होती तेथी?" हे एकटी आत्या सांगत असती तर एक वेळ मीही म्हटलं असतं की हिचा स्वभावच तिखट. पण दारोदारी तेच. कुणाची औषधाची बाटली पायरीवर ठेवायला लावून लांबूनच ओतलेली, निम्मं औषध पायरीनं प्यालेलं. कुणाचं पोट न दाबताच डॉक्टरनं खुर्चीवरून चिठ्ठी लिहिलेली. मी सगळं त्यांच्या शब्दांत उतरवलं, आणि मला वाटलं की आता झालं. आता हे सर वाचणार, सर सरकारला सांगणार, आणि तो कंपाउंडर हलणार.

तुमच्या महाल भागातल्या घरी, स्वयंपाकघरात, मी पाटावर बसले आहे. काकूंनी वडाभात केला आहे, वरून हिंगाचं कडकडीत तेल घालत आहेत. तुम्ही शेजारच्या पाटावर, डाव्या हातात माझे कागद. तुम्ही वाचता आणि तुमचा चेहरा उतरतो. "अगं, हे काय? हा आरोप झाला. आरोप आणि माहिती यांतला फरक शिकवला ना मी तुला?" मी म्हणते, सर, सगळ्यांनीच सांगितलंय. "एकमेकांचं ऐकून सांगतात माणसं," तुम्ही म्हणता. मग कागद खाली ठेवून, अगदी मायेनं, म्हणता, "आत्ता तू कुठे बसली आहेस? माझ्या स्वयंपाकघरात. कुठल्या ताटात जेवते आहेस? आमच्याच ना? माझ्या वडिलांच्या वेळी हे झालं असतं का? काळ बदललाय गं. आणि तू लिहितेस, सरकारी दवाखान्यात माणसाच्या हातात गोळी देत नाहीत!" काकू म्हणतात, "अहो, तिला जेवू तरी द्या आधी." घास माझ्या तोंडातच फिरतो आहे. मी सगळं बळ एकवटून म्हणते, सर, एकदा माझ्याबरोबर चला ना, ओळीत उभे राहू. तुम्ही हसता. "मी गेलो तर डॉक्टर खुर्ची सोडून उभा राहील. मला काय दिसणार तिथे?"

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, सर! तुम्ही गेल्यावर तो उठून उभा राहील हे ठाऊक होतं. मग आत्या गेल्यावर तो काय करत असेल, एवढा एक पाऊल पुढचा विचार तुमच्यासारख्या विद्वान माणसाला का झेपू नये? का, तर तो केला असता तर तुमच्या घरचं ते ताट साधं जेवायचं ताट उरलं असतं. त्याचं एवढं कौतुक तुम्हाला होतं की तेच तुम्ही माझ्या आत्याविरुद्ध साक्षीला उभं केलंत. दुसऱ्या कुणी, उघड्या तोंडानं विटाळ मानणाऱ्यानं, माझे कागद फेकले असते तर मी भांडले असते. तुमच्याशी कसं भांडू? मी खाल्ल्या मिठाला जागणारी माणूस. मुकाट जेवले आणि ताट उचलायला गेले, तर काकूंनी तेही उचलू दिलं नाही.

अहवाल आला. अज्ञान, अंधश्रद्धा, देवभोळेपणा. कंपाउंडर आणि त्याची पायरी 'इतर कारणे' या सदरात, एका ओळीत, तीही "काही गैरसमज" अशा शब्दांत. सरकार खूश. गैरसमज दूर करायला वस्तीत एक गाडी आली, पडदा लागला, आणि आम्हाला सिनेमा दाखवला. त्यात एक बाई आजारी पोराला घेऊन देवळात जाते, अंगारा लावते, आणि मग एक टोपीवाले गृहस्थ तिला समजावतात. आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोंबलाचं प्रबोधन! आत्या मला म्हणाली, "हे तूच सांगतलं का वं त्यायले?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानंतर माझ्या अभ्यासाबद्दल घरात कुणी बोललं नाही.

पुढच्या पावसाळ्यात हैजा पुन्हा आला. आत्याला सकाळपासून ओकाऱ्या आणि जुलाब. दवाखाना गल्लीच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर. माय म्हणाली चला, बाबा म्हणाले चला, मी हातापाया पडले. "थ्या पायरीवर मी नाही जात," एवढंच तिचं. आम्ही मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ते पोटात राहीना. दुपारी ती बोलायची थांबली तेव्हा सायकलरिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईनला शीर सापडेना. एक तरुण डॉक्टर घामाघूम होऊन दोन्ही हात चाचपत होता, त्याला दोष नाही. पण तोही म्हणालाच, "इतका उशीर? तुम्ही लोक आधी अंगारे-धुपारे करत बसता." तुमचा अहवाल त्यानं वाचलेला नसणार. तो न वाचताच सगळ्यांना पाठ होता.

तुम्ही भेटायला आलात. जमिनीवर बसलात, आमच्या गडव्यातलं पाणी प्यालात, बाबांचा हात हातात घेतलात. तुमचे डोळे भरले होते, ते नाटक नव्हतं. बाहेर स्कूटर सुरू करताना मला म्हणालात, "बघ, वेळेवर नेलं असतं तर वाचल्या असत्या. म्हणून प्रबोधन वाढवायला हवं." तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी म्हटलं, "हो सर." वस्तीतले लोक कितीतरी दिवस म्हणत होते, केवढा मोठा माणूस, पण आपल्यात येऊन बसला.

पुढे मी सरकारी कॉलेजात नोकरीला लागले आणि आयुष्यभर तेच काम केलं. कुठल्या दवाखान्यात कुणाला औषध कसं दिलं जातं, हातात की वरून. त्यावर लिहिलं, भांडले, कुठे चार माणसांच्या बदल्या झाल्या, कुठे माझीच झाली. आणि लोक काय म्हणतात ठाऊक आहे? सरांचा वारसा चालवते! सभागृहाच्या कार्यक्रमातही हेच म्हणाले.

हे कुणाला दाखवणार नाही. काकू आहेत अजून, त्यांना तर नाहीच. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती सांगते आणि थांबते. आत्याला नेलं त्या दिवशी मी कोरड्या डोळ्यांनी सगळं केलं, आणि नंतरही तिच्यासाठी मला कधी रडू फुटलं नाही. तुम्ही गेल्याचा फोन मात्र आला, आणि मी स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, पोरीसारखी हमसून हमसून रडले.